महामार्गावरील एका खिळ्यास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री खिळेराव, मुक्काम पुणे-बंगळूर महामार्ग, कागल ते काकती यांच्या दरम्यान नेमके कोठे ते अज्ञात, यांसी सा. न. वि. वि.

आपल्या घराण्याचा या मुलुखाशी असलेला संबंध पुरातन आहे, हे आम्ही जाणतो. बैलाच्या खुराला नाल ठोकण्याच्या कामी आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या राबले, आणि निखळून मातीत पडल्यावरही अनवाणी वाटसरूपलीकडे त्यांचा उपद्रव कोणास फारसा झाला नाही. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नामक पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी योजलेल्या हवेच्या रबरी टायराचे पेटंट घेतले, आणि गुरांच्या वैद्यानेच गुरांच्या खुरांतून गळालेल्या खिळ्यास नवे कार्यक्षेत्र बहाल केले!

कोगनोळीच्या टोलनाक्यावर दुचाकीस माफी आहे. ही माफी सरकारी तिजोरीस मानवली तरी आपणांस मानवलेली दिसत नाही. नाका ओलांडताच आपली वसुली सुरू होते. याच रस्त्यावर १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी ठाण मांडले, तेव्हा त्यांच्यामागे रास्त भावाचा सवाल होता. आपण वाहतूक अडविता ती कोणत्या मागणीसाठी, याचा खुलासा अद्याप आमच्या दप्तरी दाखल नाही.

खरी अडचण अधिकारक्षेत्राची आहे. ट्यूबलेस टायरात शिरल्यावर आपण स्वतःच भोकाचे बूच होऊन बसता, त्यामुळे हवा एकदम न जाता कोसच्या कोस रेंगाळत जाते. सबब आपला प्रवेश कागलात, महाराष्ट्राच्या हद्दीत, आणि चाक बसले तवंदी घाटाच्या चढावर, कर्नाटकाच्या अमलात, असे घडल्यास फिर्याद कोणत्या दरबारी गुदरावी? या दोन राज्यांच्या सीमावादावरील महाजन आयोगाचा अहवाल १९६७ पासून वादात आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या दप्तरात आणखी एका खिळ्याची भर घालण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

घाटाखालच्या पंक्चरवाल्याचा न्याय मात्र तिथल्या तिथे मिळतो. चाक ट्यूबचे असेल तर तो टायर रिमवरून उचकटतो, ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात फिरवितो, बुडबुडे येतील ती जागा कानशीने खरवडतो, सोल्यूशन लावून ते चिकट होईतो थांबतो आणि मगच पॅच दाबतो. घाई करणारे गिऱ्हाईक मराठीत ओरडो वा कन्नडमध्ये, तो मान वर करीत नाही. त्यानंतर तो टायराच्या आतून सावकाश बोटे फिरवितो, कारण मूळ खिळा आत तसाच राहिला तर नवा पॅच कोसभरही टिकत नाही. (आयोगाच्या कामकाजात हा बोटे फिरविण्याचा विधी झाला होता काय, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.)

तरी अर्ज असा की, भेट अपरिहार्यच असेल तर ती घाटात, अपरात्री, पावसात न देता निपाणी वा संकेश्वर येथे, दुकान उघडे असता द्यावी. आणि शिरणे ते टायराच्या मधल्या पट्ट्यात शिरावे, बाजूच्या भिंतीत शिरू नये, कारण तेथे पडलेल्या भोकास पॅच धरत नाही आणि सबंध टायरच बदलावा लागतो. कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये, ही विनंती.

निपाणीचा एक दुचाकीस्वार