परग्रहावरचे ठेकेदार

पिरॅमिड कोणी बांधले, या प्रश्नाला एक साधे उत्तर आहे आणि बरीच लोकप्रिय उत्तरे आहेत. साधे उत्तर असे की गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी सव्विसाव्या शतकात, खुफू राजाच्या कारकिर्दीत, इजिप्तमधल्या मजुरांनी बांधला. त्यात सुमारे २३ लाख दगड आहेत, एकेकाचे वजन सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे आणि मूळ उंची १४६ मीटरांहून किंचित जास्त होती. लोकप्रिय उत्तरांतही आकडे हेच असतात, फक्त मजूर बदलतात. त्यांच्या जागी कधी मंतरलेला कागद येतो, कधी समुद्रात बुडालेल्या अटलांटिसचे रहिवासी येतात, आणि एरिक फॉन डॅनिकेनचे पुस्तक १९६८ साली निघाल्यापासून मुख्यतः परग्रहवासी कामावर हजर असतात.

या शास्त्राची परंपरा जुनी आहे. हिरोडोटसने पिरॅमिड पाहिले तेव्हा ते उभे राहून दोन हजार वर्षे झाली होती. एक लाख माणसे, तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या आणि वीस वर्षे, हा हिशेब त्याने स्थानिकांकडून ऐकून लिहून घेतला. गाइडच्या तोंडचे आकडे जसेच्या तसे टिपून घेणारा तो जगातला पहिला नामवंत पर्यटक ठरतो. मध्ययुगीन युरोपने ही बायबलमधल्या योसेफाची धान्यकोठारे आहेत असे ठरवले. पिरॅमिड आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणजे त्यात धान्य ठेवायला जागाच नाही, ही अडचण बहुतेकांच्या ध्यानी आली नाही. दहाव्या शतकात अल-मसूदीने लिहून ठेवले की दगडाखाली मंतरलेला पपायरस सारायचा आणि वर काठी मारायची, की दगड आपोआप पुढे सरकतो. कागद सरकवल्याशिवाय जागचे काही हलत नाही, हे तत्त्व ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कोणत्याही कचेरीत आजही तपासून पाहता येते.

आधुनिक सिद्धान्तांचा दर्जा एकसारखा नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांच्या मते दगड वाहून आणलेच नाहीत, चुनखडीचा गिलावा करून जागेवर ओतले. मताला निदान रसायनशास्त्र आहे, पण ज्या खाणींतून दगड काढला त्या पिरॅमिडच्या शेजारीच पडलेल्या आहेत आणि त्यांत अर्धवट सुटलेले दगडही आहेत. क्रिस्टोफर डन यांनी १९९८ साली पिरॅमिड हे वीजकेंद्र असल्याचे मांडले. ती वीज कोठे जात होती हे स्पष्ट झालेले नाही, परंतु वीजकेंद्राच्या लगतच्या गावांत ती नसावी, असा अंदाज ग्रामीण ठाणे जिल्ह्यातला वाचक पुराव्यावाचून बांधू शकतो. २००१ साली कॅलिफोर्नियात पतंगाच्या ओढीने काही टनांचा स्तंभ उभा करून दाखवला गेला. तेव्हापासून संक्रांतीचाही या विषयाशी दूरचा संबंध लागतो.

साध्या उत्तराची पंचाईत अशी की त्याला कागदपत्रे आहेत. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे २०१३ साली मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. सुमारे चाळीस माणसांची टोळी घेऊन तो तुरा येथील खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरून गिझाला पोहोचवत असे. आज कोठे मुक्काम, उद्या कोठे, सगळे टिपलेले आहे. परग्रहवासी असते तर तुऱ्याहून नाव भरून आणायला रात्र कशाला मोडावी लागली असती, हा प्रश्न रोजनिशीत येत नाही. टोळ्यांनी पिरॅमिडच्या आतल्या दगडांवर आपापली नावे रंगवून ठेवली आहेत. खुफूचे मित्र अशी एक टोळी होती, पुढच्या एका राजाच्या पिरॅमिडवर दारूडे म्हणवून घेणारी दुसरी. अतिप्रगत संस्कृती अशा नावांनी काम करत असेल यावर विश्वास बसत नाही. दहीहंडीची पथके मात्र डोळ्यांपुढे येतात. मजुरांच्या थडग्यांचा माग १९९० साली लागला तो एका घोड्याचा पाय अडखळल्यामुळे. हाडांवर जड ओझ्यांच्या खुणा आहेत, मोडलेली आणि नीट जुळून आलेली हाडेही आहेत.

दगड ओढण्याचीही सोय इजिप्तच्या लोकांनी चित्रात काढून ठेवली आहे. जेहुतीहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढला जातोय आणि गाडीच्या नाकाशी उभा एक माणूस वाळूवर पाणी ओततोय. पाणी ओतणे हा धार्मिक विधी असावा, असे विद्वान बरीच वर्षे समजत होते. अॅम्स्टरडॅम विद्यापीठाच्या पदार्थवैज्ञानिकांनी २०१४ साली मोजून पाहिले, तर नेमकी ओली केलेली वाळू गाडीपुढे ढीग करत नाही आणि ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. विद्वानांनी हा विधी समजावा यात नवल नाही. त्यांच्यापैकी कोणावर ती गाडी ओढण्याची वेळ आली नव्हती.

महाराष्ट्रात या शास्त्राची शाखा स्वतंत्रपणे वाढली. इथे परग्रहवासी येण्याआधी पांडव आले होते. मोठा दगडी प्रकार दिसला की तो पांडवांनी एका रात्रीत केला, हा नियम. अंबरनाथचे शिवमंदिर एका रात्रीत उभारताना पहाट झाली आणि म्हणून गाभाऱ्यावर छप्पर राहून गेले, असे सांगतात. मंदिरावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे साल घातलेला शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे आणि त्याच्या अमात्यांचीही आहेत. ज्याने टाकी चालवली त्याचे नाव नाही. आज रस्त्याकडेला उभा राहणारा फलक पाहिला, तर लोकप्रतिनिधी, निधी, ठेकेदार एवढी माहिती मिळते आणि तेथेच संपते. म्हणजे साडेनऊशे वर्षांत पद्धत बदललेली नाही. नाशिकच्या लेण्यांना नाव पांडवांचे मिळाले, भिंतींवर मात्र देणगी देणाऱ्यांच्या नोंदी आहेत. अपवाद कार्ल्याचा. तेथे धेनुकाकटाचा सुतार सामी याने दाराचे काम केल्याचे कोरलेले आहे. पांडवांना त्याने वाव ठेवला नाही.

वेरूळचे कैलास लेणे हे या शास्त्राचे सध्याचे राष्ट्रीय केंद्र आहे. कसारा लोकल आसनगाव सोडून आटगावला लागेपर्यंत मोबाइलवर त्याची एक चित्रफीत पाहून होते. तिचा गाभा म्हणजे एक गणित. चार लाख टन दगड, अठरा वर्षे, दिवसाला बारा तास. म्हणजे तासाला पाच टन दगड काढायला हवा, आणि ते माणसाच्या हातून अशक्य! गणित चुकलेले नाही. फक्त शेवटचा भागाकार राहिला आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी तो केला होता. एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट दगड काढतो असे धरून त्यांनी काढलेला अंदाज असा की अडीचशे मजुरांना लेणे खोदायला साडेपाच वर्षे पुरतात. चित्रफितीतले पाच टन या अडीचशे जणांत वाटले तर माणशी तासाला वीस किलो येतात. वीस किलो म्हणजे भरलेले एखादे घमेले. तेवढे तर शहापूर-मुरबाडच्या वीटभट्टीवर उचल घेऊन आलेली बाईही तासाभरात कित्येकदा डोक्यावरून नेते, आणि तिच्याविषयी अद्याप एकही चित्रफीत निघालेली नाही.

दगड कसा सुटतो हेही गुपित नाही. दगडाच्या पोताची दिशा हेरायची, तिच्या रेषेत टाकीने छिद्रे पाडायची, प्रत्येकात लोखंडी पाचर बसवायची आणि घणाचा एकेक ठोका पाळीपाळीने द्यायचा. कोणत्याही एका पाचरीवर जोर करायचा नाही. ठोक्यांचा खणखणीत आवाज हळूहळू बद्द होत जातो, तसे ओळखायचे की आत भेग धावली. मग पहारीने ढकलायचे. खाणीवरच्या वडाराला हे सांगितले, तर यात सांगण्यासारखे काय आहे, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. कैलास वरून खाली खोदत नेले, त्यामुळे परांची बांधावी लागली नाही, आणि भिंतींवर टाकीचे घाव अजून मोजता येतात. लेझर किरणांनी घाव का उमटवावेत याचे उत्तर चित्रफितीच्या पुढच्या भागात असते.

याहून गमतीचा पुरावा ताम्रपटात आहे. राष्ट्रकूट कर्काचा बडोदे येथील ताम्रपट इ. स. ८१२-१३ चा. कृष्णराजाने केलेले हे मंदिर पाहून विमानांतून जाणारे देव थक्क झाले, आणि करणारा कारागीर स्वतःही आपल्या हातून हे कसे घडले म्हणून चकित झाला, असा त्याचा आशय आहे. विमाने आली होती, हे सिद्धान्तवाद्यांना येथे लेखी मिळते. पण ती बघायला आली होती. काम तोवर संपले होते.

जेथे काहीच बांधलेले नाही तेथेही सिद्धान्त पोहोचतो. आटगावच्या वाटेवर दिसणाऱ्या माहुली किल्ल्याच्या अंगाला नवरा, नवरी, करवली आणि भटजी असे सुळके आहेत. लाव्ह्याच्या थरांची झीज होऊन हे आकार उरले, असे भूशास्त्र सांगते. लोककथेत हे दगड झालेले वऱ्हाड आहे. दोन्हींत लोककथा अधिक भरवशाची वाटते, कारण भटजी अजून जागचा हललेला नाही.

काही बांधकामांवर मात्र परग्रहवासी हक्क सांगत नाहीत. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी रेल्वे सुरू झाली. तेरा बोगदे, ३७ फुटांना एक फूट चढ, सगळे सुरुंग आणि पहारीचे काम. १८९२ साली तानसाचे धरण पुरे झाले, अडीच किलोमीटरांहून लांब, दगड आणि चुन्यात बांधलेले. ही ओझीही हलकी नव्हती. पण कामावर साहेब इंजिनिअर होते, आणि साहेबाला हे जमले असेल याविषयी सिद्धान्तवाद्यांना शंका येत नाही. शंका फक्त इजिप्तच्या, वेरूळच्या आणि अंबरनाथच्या माणसांविषयी येते. तानसाच्या भिंतीवर ज्यांनी दगड चढवला त्यांची नावे मेरेरसारखी कोणी टिपून ठेवली असतील, तर ती कोठे आहेत हे कोणी विचारीत नाही.

तानसाबाबत उकलण्यासारखे कोडे एकच आहे. धरण शहापूर तालुक्यात, भातसा धरणही तेथेच, पाणी नळांतून मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी उतारावरून शेजारच्या पाड्यावर न जाता इतक्या दूर कसे पोहोचते, याचे समाधानकारक मानवी स्पष्टीकरण अद्याप पुढे आलेले नाही. परग्रहवासीयांना येथे वाव आहे.