दोन हॉटेलांतून एक निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

तुळजापूरच्या वाटेवर मटणासाठी दोन हॉटेलांतून एक निवडायचं झाल्यास आधी भुकेला थोपवावं, मग मोबाइल काढावा. समजा, एकाला ४.३ तारे आहेत आणि दुसऱ्याला ४.१. या ०.२ मध्ये काय भरलंय, ते शोधणं हेच खरं काम. फरक बोकडाचा नसावा. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळीची जात उस्मानाबादीच राहिली आणि दोन्ही पातेल्यांत बहुधा तीच शिजते. फरक असतो तारे देणाऱ्यांचा. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला भवानीच्या दर्शनाची रांग लांबते. त्या रांगेतून सुटलेल्या माणसाला गरम भाकरीचा पहिला तुकडाही पाच तारे देण्याजोगा वाटतो आणि टेबल मिळालं नाही तर एकसुद्धा तारा जास्त वाटतो. म्हणून तारे सोडून मजकूर वाचावा, तोही उलटा. पुण्याच्या पाहुण्याने ‘रस्सा फार तिखट’ म्हणून दोन तारे कापले असतील, तर ते आपण परत जोडावेत. ‘भाकरीला पाऊण तास लागला’ ही तक्रार दिसली, तर आत कुणीतरी पिठाचा गोळा परातीत थापतंय, टोपलीतली सकाळची चवड वाढत नाहीय, असं समजावं. ‘पार्किंग प्रशस्त’ एवढीच स्तुती असेल, तर तिथे गाडी लावून दुसरीकडे जेवावं.

यावर कुणी म्हणेल, हजारो माणसं एकदम कशी चुकतील? चुकतात. २०१७ साली लंडनमध्ये एका पत्रकाराने स्वतःच्या अंगणातली शेड ‘द शेड अ‍ॅट डलिच’ या नावाने ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर चढवली आणि अस्तित्वातच नसलेलं ते हॉटेल शहरात पहिलं आलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं खरं, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. मग मिशेलिनसारखे जाणकार परीक्षक का नकोत? हा आक्षेप वजनदार आहे, कारण तो परीक्षक ओळख लपवून येतो आणि बिल भरून जातो. आपल्याकडे मात्र रीत उलटी. २०२५ मध्ये याच धाराशिव जिल्ह्यातल्या, मटणाच्या हॉटेल भाग्यश्रीचं नाव रीलमुळे राज्यभर झालं. अशा ठिकाणी पाहुणा निम्मं जेवण मोबाइलवरच उरकून येतो आणि त्याचे तारे चवीपेक्षा रीलशी ताळा जुळल्याचे असतात. रोज त्याच टेबलावर बसणारा कंडक्टर, बाजाराला आलेला शेतकरी, ट्रकवाला या खऱ्या जाणत्या जिभा; त्या काही लिहीत नाहीत, हात धुऊन जातात.

तेव्हा सगळे अभिप्राय वाचून झाले की दोन्हीकडे फोन लावावा आणि ‘मटण आहे का अजून?’ एवढंच विचारावं. ‘भरपूर आहे, या की’ म्हणणाऱ्याचे आभार मानावेत. ‘संपत आलंय, किती जण आहात?’ असं जो विचारेल, त्याच्याकडे गाडी वळवावी. दोघांनीही तेच विचारलं, तर जवळचं गाठावं.