पुलापलीकडचा हिरवा

पुण्यातल्या बोपोडीहून पिंपरी-चिंचवडमधल्या दापोडीला जाताना हॅरिस पूल ओलांडला की महापालिका बदलते. २०१८ पासून पोलीस आयुक्तालयही. गाडीला याचा पत्ता नसतो, ती आपली सरळ जाते. ताशी ४० किलोमीटरनं पाचशे मीटर जायला ४५ सेकंद लागतात. पुढचा सिग्नल तेवढ्याच उशिरानं हिरवा करायचा, गणित एवढंच. अट एक, दोन्हीकडच्या सिग्नलचं चक्र सारखं हवं. समजा, अलीकडे ९० सेकंदांचं आणि पलीकडे १२० चं, तर दोघांची गाठ सहा मिनिटांतून एकदा पडणार. (त्यामानानं फायली नशीबवान, त्यांची गाठच पडत नाही.) मग सेकंद जुळवायला पत्र, स्मरणपत्र, संयुक्त बैठक. तिथं चहा-बिस्किटांवर एकमत झटक्यात होतं. घड्याळ कुणाचं प्रमाण मानायचं, हे मात्र ऐनवेळच्या विषयांत.