रक्त हिरवं, पेटी सोनेरी

सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. कारण दिलं देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या डेटाचं. दोन-अडीच महिन्यांत कंपनीने भारतासाठी वेगळा खेळ जाहीर केला आणि कौतुकाने सांगितलं, की गोळी लागल्यावर आता लाल नाही, हिरवा रंग उडेल. दुखणं डेटाचं, मलम रक्ताला! जुलै 2021 मध्ये हा खेळ बीजीएमआय नावाने आला आणि पोरं एकमेकांना हिरवंगार करू लागली.

ही रंगसफेदी जुनीच. 1993 मध्ये निन्टेन्डोवरच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये रक्त राखाडी झालं, म्हणजे घाम. सेगाच्या आवृत्तीत मात्र ठरावीक क्रमाने बटणं दाबली की लाल रक्त हजर. जास्त खपली कोणती, ते सांगायला नको. 1997 मध्ये ब्रिटिश सेन्सॉरने ‘कार्मागेडन’ अडवला, तेव्हा गाडीखाली येणारे पादचारी झोंबी झाले आणि त्यांचं रक्त हिरवं. गाडी तीच, चिरडणंही तेच.

गंमत म्हणजे खेळांच्या जगात हिरवा हा बहुतेकदा बरं होण्याचा रंग. इफेक्ट्स करणाऱ्याला पापणी लवायच्या आत सांगायचं असतं: लागलं, वाचलास, पळ. तेवढ्यात वाचायला वेळ कुणाला? म्हणून रंग. ‘डायब्लो’ने 1996 मध्ये लाल बाटलीत जीव आणि निळ्या बाटलीत जादू भरली, ती वाटणी आजही बऱ्याच खेळांत दिसते. पण हिरवा औषधाचाही आणि बहुतेक वेळा विषाचाही. मग हुशार कलाकार औषधाचे कण वर तरंगवतो आणि विष खाली ठिबकवतो. लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्यालाही चालीवरून कळतं. एकटा रंग काहीच बोलत नाही, त्याच्यासोबत काय घडतं ते बोलतं. बंदूक धडाडली, समोरचा कोलमडला, मधे हिरवं काही उडालं, एवढं दोनदा पाहिलं की पोराच्या लेखी हिरवं म्हणजे रक्त. उद्या गुलाबी करा, तेही रक्तच होईल. बीजीएमआयमध्येच शांत, थंड निळ्या कडेबाहेर थांबलं तर जीव जातो. तिथे कुणी निळ्याला कवटाळत नाही.

एका रंगाला मात्र कुणी हात लावला नाही: पेटीतल्या सोनेरीला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने 2004 मध्ये वस्तूंची सहा वर्णांची उतरंड घराघरांत पोचवली: राखाडी भंगार, पांढरी साधी, हिरवी बरी, निळी दुर्मीळ, जांभळी भारी, नारिंगी म्हणजे थेट दंतकथा. आता अशाच रंगांच्या आशेवर पैसे भरून पेट्या उघडायच्या. निळा उजेड पडला की पोरगं चुकचुकतं, जांभळा दिसला की सावरून बसतं, सोनेरी लखलखाट झाला की किंचाळतं. आत असतो एखादा झगा, नाहीतर बंदुकीवरचं रंगकाम. रक्ताच्या रंगाने किती मुलं बिघडली कुणास ठाऊक. या उजेडाने किती पाकिटं हलकी झाली ते बापांना विचारा.

काळजी घेतलीच नाही असंही नाही. बीजीएमआय आला तेव्हा अठराच्या खालच्यांना खर्चाची मर्यादा होती. 7000 रुपये. दिवसाला.