शंभर टक्के हजर

परीक्षेला बसायचं तर वर्गात ऐंशी टक्के हजेरी लागते आणि डिग्री हातात पडायची तर वॉर्डातली हजेरी शंभर टक्के भरावी लागते, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे. शंभर म्हणजे शंभर. ताप आला, मावसभावाचं लग्न निघालं, एसटीचा संप झाला, तरी बुडलेला दिवस नंतर भरून द्यायचा. समजा मी आजारी पडून हॉस्पिटलात दाखल झालो, तर ते दिवस भरून काढायला बरा झाल्यावर पुन्हा हॉस्पिटलातच यायचं. पेशंट म्हणून काढलेले दिवस हजेरीत धरत नाहीत. मी विचारून पाहिलंय.

नियम योग्यच आहे, हे आधी सांगून टाकतो. ऐंशी टक्के इंजेक्शन किंवा ऐंशी टक्के कॅथेटर अशी सोय आमच्या धंद्यात नाही. माझी तक्रार नियमाबद्दल नाही, दिवसात चोवीसच तास ठेवणाऱ्याबद्दल आहे.

मी सांगोल्याचा. बारावीनंतर जीएनएम केलं. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर मी रजिस्टर्ड नर्स आहे आणि रजिस्टर्ड मिडवाईफही आहे, मिशांसकट. प्रमाणपत्र घेऊन घरी गेलो तेव्हा आजीने चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजी बाळंतपनं करायची? तीन वर्सं तेच शिकत व्हतास व्हय रं?" गल्लीतली निम्मी बाळंतपणं तिने स्वतः निभावलेली, कुठल्याही कौन्सिलला न विचारता. तिचा प्रश्न रास्त होता.

काही वर्षं वॉर्डात काढली. मग कळलं की डिग्रीशिवाय ट्यूटर होता येत नाही, म्हणून दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीला पुण्यात नाव घातलं. फी डाळिंबाच्या भरवशावर भरायची होती. त्या वर्षी डाळिंबावर तेल्या आला. तेव्हा एका नर्सेस ब्युरोत नाव नोंदवलं आणि रात्रीचं होम केअर धरलं. तेव्हापासून कॉलेजच्या समजुतीनुसार मी रात्री झोपतो, ब्युरोच्या समजुतीनुसार दिवसा झोपतो आणि आईच्या समजुतीनुसार वेळेवर जेवतो. तिघांचाही गैरसमज मी जिवापाड जपलाय.

ब्युरोने दिलेले आजोबा कोथरूडचे. वय शहाऐंशी, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, बैठक मारायची नाही, हे तिन्ही नियम त्यांना पाठ होते आणि मी दुसरीकडे बघत असलो की ते मोडून पाहायचे. आयुष्य लेखापरीक्षणात गेलेलं. उशाशी एक वही असे. तिच्यात रक्तदाब निळ्या शाईने, साखर हिरव्या शाईने आणि मी लाल शाईने. एकदा ते वही मिटायला विसरले, तेव्हा मी वाचलं: "२.१० ब्रदर जांभई. २.२५ पुन्हा. २.४० डोळे मिटून बसले, विचारता 'नाडी मोजतो आहे' म्हणाले. कोणाची ते सांगितले नाही."

आजोबांना झोप येत नसे आणि रात्री सोबतीला असणाऱ्याने त्यांना झोपवलंच पाहिजे, अशी त्यांच्या बायकोची अट होती. यावर उपाय मला विद्यापीठाने दिला. समाजशास्त्राचा पेपर जवळ आला होता, म्हणून पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं. पहिली दोन पानं आजोबांनी माझे इंग्रजी उच्चार सुधारले. कुटुंबसंस्थेच्या धड्यावर त्यांचे आक्षेप होते. मुलगा न्यू जर्सीत असल्यामुळे विभक्त कुटुंबाची व्याख्या त्यांना अपुरी वाटली. सामाजिक स्तरीकरणापाशी मात्र घोरणं ऐकू आलं. तेव्हापासून तो धडा आमच्याकडे 'झोपताना एकदा, गरज पडल्यास पुन्हा' असा चालू झाला. गोळीपेक्षा सरस. साइड इफेक्ट फक्त वाचणाऱ्यावर.

सकाळी सातला दिवसाच्या मावशी यायच्या. यायच्या म्हणजे यायचं ठरलेलं होतं. दुसरा माणूस आल्याशिवाय, त्याला सगळं समजावून दिल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. येणाऱ्याला रिलिव्हर म्हणतात. पोस्टमनची, मान्सूनची, निकालाची वाट पाहणारी माणसं मी पाहिलीत, पण सात वाजून पाच मिनिटांनी जिन्याकडे कान लावून बसलेल्या नर्सइतकं आर्त कुणी पाहिलेलं नाही. मावशी सव्वासातला येत, चप्पल काढता काढता "पाणी नव्हतं आलं" म्हणत. मी लघवी किती, साखर किती, रात्री काय खाल्लं हे एका दमात सांगून पीएमपीच्या बसमागे धावत असे. उभ्याने झोपायची कला घोड्यांना जमते असं ऐकून होतो. कर्वे रोडला ती कुणालाही जमते.

आठला वॉर्ड. तिथे सरकारी रुग्णालयाची सकाळ आमची वाट पाहत असे, आणि आमच्या मागोमाग हातात चेकलिस्ट घेऊन क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडम. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला बेड करायला शिकवलं. वर्गातल्या आम्हा सगळ्यांचे मिळून हजारो बेड करून झालेले असतील, पण पुस्तकाप्रमाणे कुणाचाच नव्हता. बंद बेड, उघडा बेड, पेशंट असलेला बेड, ऑपरेशननंतरचा बेड, हृदयरोग्याचा बेड, फ्रॅक्चरचा बेड. चादरीच्या कोपऱ्याची घडी पंचेचाळीस अंशांत आली पाहिजे. आमच्यातली एक बाई पंधरा वर्षं आयसीयू सांभाळून शिकायला आलेली. तिने अत्यंत नम्रपणे विचारलं, "मॅडम, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून ठेवलेला पेशंट यातल्या कुठल्या प्रकारात येतो?" मॅडमनी चेकलिस्ट खालवर पाहिली. मग स्वतःच गुडघ्यावर बसून त्या गादीच्या कोपऱ्याची पंचेचाळीस अंशांत घडी घातली. मॅडमबद्दलचा माझा आदर तिथून सुरू होतो.

केस स्टडी ही आणखी एक भानगड. एक पेशंट निवडायचा, रोज त्याची काळजी घ्यायची आणि त्याच्यावर जाडजूड फाईल लिहायची. वॉर्डात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकलेली माणसं असतात. त्यांच्यापैकी एकाला मी फाईलसाठी निवडलं, घरचा इतिहास, पाण्याचा स्रोत, संडास आहे की नाही इथपर्यंत सगळं लिहून घेतलं, की तिसऱ्या दिवशी खाटेवर दुसराच माणूस. "ते बरे झाले, घरी गेले." माणूस बरा झाल्याचं दुःख होणारा जगाच्या पाठीवर दुसरा कुणी नसेल. माझी ही कीर्ती वॉर्डात पसरली आणि नातेवाईक येऊन सांगू लागले, "ब्रदर, आमच्या दादांची पण फाईल करा की."

दोन वाजता वर्ग. दुपारी दोनचं लेक्चर ही शिक्षणव्यवस्थेने मानवी मेंदूची घेतलेली परीक्षा आहे. मागच्या बाकावर आम्ही एकमेकांची ग्लासगो कोमा स्केल काढत असू. १९७४ साली ग्लासगोत तयार झालेलं हे माप मेंदूला इजा झालेल्यांची शुद्ध मोजायला वापरतात: डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे गुण मिळून तीन ते पंधरा. हाक मारल्यावर डोळे उघडतो, तीन. बोलतो पण काहीच्या काही, चार. "पान उलटा" म्हटलं की उलटतो, सहा. माझे तेरा झाले, म्हणजे काळजी नाही. शेजारचा मित्र जालन्याचा. एका डायलिसिस सेंटरमध्ये पहाटेची पाळी करून यायचा. तो फक्त खडू लागला तर डोळे उघडे, दोन. तोंडातून अर्थहीन आवाज, दोन. खडू लागला तिथे हात मात्र बरोबर न्यायचा, पाच. एकूण नऊ. आठ किंवा त्याखाली गेला तर श्वासनलिकेत नळी घालायचा विचार करतात. एका गुणाने वाचला.

आईचा फोन नेमका तेव्हाच यायचा. "जेवलास का रं?" मी डबा कुठल्या बसमध्ये राहिला ते आठवत "हो गं" म्हणायचो.

दुसऱ्या वर्षी मानसोपचाराची पोस्टिंग लागली. तिथे 'प्रोसेस रेकॉर्डिंग' लिहावं लागतं. पेशंटशी झालेलं संभाषण शब्दशः उतरवायचं: एका रकान्यात तो काय म्हणाला, दुसऱ्यात मी काय म्हणालो, तिसऱ्यात त्यावरून निष्कर्ष. बोलतं करायच्या युक्त्याही पुस्तकात दिलेल्या: हो-नाहीत उत्तर संपणार नाही असा प्रश्न विचारा, मध्ये शांत राहा, त्याचेच शब्द त्याला परत ऐकवा. माझ्या वाट्याला आलेले काका बागेतल्या बाकावर बसायचे. मी बसलो, वही उघडली आणि बोलायची जुळवाजुळव करू लागलो. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "झोप कशी आहे?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

मी सांगितलं. कोथरूड, मावशी, पीएमपी, फाईल. काका मध्ये शांत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला असं वाटतं, की तुम्ही सगळीकडे पोचता पण कुठेच नसता." माझे डोळे भरून आले. डॉक्टर कित्येक महिने त्यांच्याशी असंच बोलत आलेले. पंचवीस मिनिटांत काकांनी पुस्तकातली एकही युक्ती सोडली नाही. वही मॅडमना दाखवली तेव्हा त्यांनी लाल पेनाने शेरा मारला: "प्रश्न उत्तम. पण ते पेशंटने विचारले आहेत."

या सगळ्याचं मूळ असलेल्या बाईंची, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची, जयंती १२ मे रोजी येते. आमच्याकडे त्या दिवशी रांगोळी, पोस्टर स्पर्धा, हातात दिवे घेऊन शपथ आणि सेवेवर भाषण. भाषण करणारे पाहुणे नेहमी सांगतात, की त्या रात्रभर दिवा घेऊन वॉर्डात फिरायच्या. सकाळी त्यांना समाजशास्त्राचं लेक्चर होतं का, हे कुणी सांगत नाही. मी त्यांचं १८५९ सालचं शुश्रूषेवरचं पुस्तक वाचलं. (आजोबांना ते आवडलं, त्यामुळे झोपेसाठी बाद झालं.) त्यात एक अख्खं प्रकरण आवाजावर आहे आणि एक भेटायला येऊन फुकटचा धीर आणि सल्ले देणाऱ्यांवर. ते कोथरूडच्या बैठकीच्या खोलीत बसून लिहिल्यासारखं वाटतं. पण पाहुणे ज्याचं नावही काढत नाहीत ती गोष्ट पुढची आहे. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर बाई दीर्घ आजाराने खिळल्या, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी पत्रं, अहवाल, आकडेवारी असा कामाचा डोंगर बराचसा अंथरुणातूनच उपसला. आजाराचं वाईट वाटतंच. तरी आमच्या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांनी अंथरुणातून काम केल्याचा दाखला उपलब्ध असताना सेवानियमांत तो अजून कुणी कसा घातला नाही?

शेवटच्या वर्षी गटाने संशोधन करावं लागतं. आमच्या गटाने विषय घेतला: रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेची गुणवत्ता. विषय ठरवायच्या बैठकीला गटातले सगळे हजर होते, दोघं जागेही होते. त्यासाठी पिट्सबर्गची एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे. तिच्यातून झोपेच्या सात घटकांना गुण मिळतात. एकूण एकवीस. पाचाच्या वर गेलात तर झोप वाईट. आम्ही आधी स्वतः भरून पाहिली. आकडे बघून गाईड मॅडम म्हणाल्या, बेरीज पुन्हा करा.

मग प्रश्नावली घेऊन वॉर्डावॉर्डांत गेलो. पहिलाच प्रश्न, गेल्या महिन्यात रात्री साधारण किती वाजता अंथरुणावर गेलात? एका सिस्टर सलाइनचे थेंब मोजत होत्या. पाचशे मिली, आठ तासांत, मिनिटाला एकवीस. घड्याळावरची नजर न काढता म्हणाल्या, "कुणाच्या अंथरुणावर? चौदा नंबरच्या पाच वेळा गेले." दुसऱ्या सिस्टरनी "झोप लागायला किती मिनिटं लागतात" यापुढे शून्य लिहिलं आणि खाली कंसात "उभ्याने". एकीने फॉर्म घरी नेला, तो मुलाच्या गणिताच्या वहीतून परत आला, बरोबर-चूकच्या खुणांसह.

सर्वांत शेवटी मेडिसिनच्या इन्चार्ज सिस्टर. रात्रीचे पावणेनऊ झाले होते, त्यांची पाळी आठला संपलेली. औषधांच्या ट्रॉलीवर फॉर्म ठेवून त्यांनी उभ्याउभ्याच तो भरला, दर दोन प्रश्नांनंतर दाराकडे बघत. शेवटी आम्ही आमच्या पदरचा एक रकाना घातला होता, 'झोप सुधारण्यासाठी सूचना असल्यास'. त्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: "आधी रिलिव्हर पाठवा."

हे कुठल्या घटकात धरायचं यावर गटात फार वाद झाला. सातांपैकी एकातही ते बसेना. गाईड मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले, त्यांचीही आदल्या दिवशी परीक्षेची ड्युटी लांबली होती. म्हणाल्या, "मिसिंग डेटात टाका."