माझ्याकडे तर दिसतंय!

प्रत्येक सोसायटीत, ज्ञातिमंडळात आणि गणेशोत्सव मंडळात एक काका असतात, ज्यांच्या ताब्यात संस्थेची वेबसाइट असते. ती त्यांच्याकडे कुणी सोपवलेली नसते. सर्वसाधारण सभेत 'वेबसाइट कोण बघणार?' असा प्रश्न निघाला, सगळे चपला शोधायला लागले आणि काका तेवढे बसून राहिले, इतकंच. बँकेत संगणक आले तेव्हा शाखेतली पहिली फ्लॉपी आपण घातली, हे त्यांचं भांडवल.

होमपेजवरचा फोटो दिसत नाही अशी तक्रार घेऊन गेलात की काका फोटोकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात.

"रिफ्रेश केलंत?"

"केलं."

"गोल बाण दाबला असेल. तसं नाही हो! कंट्रोल धरून एफ फाइव्ह."

"काका, मी मोबाइलवर बघतोय."

"मग मोबाइलचाच प्रॉब्लेम."

कंट्रोल-एफ फाइव्ह हे औषध खोटं नाही. ब्राउझर एकदा आणलेलं चित्र साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच शिळं वाढतो. ही दोन बटणं दाबली की सर्व्हरकडून ताजं मागवतो. पण गेल्या वर्षीचा गणपती यंदाही दिसतोय, या दुखण्यावरचं हे औषध. चित्र मुळात सर्व्हरवर गेलंच नसेल तर एफ फाइव्ह झिजवून काय होणार? काकांना मात्र ते पोटदुखीपासून पायदुखीपर्यंत सगळ्यावर चालतं.

तरीही हटला नाहीत, तर काका लॅपटॉप तुमच्याकडे वळवतात. "हे बघा. माझ्याकडे तर दिसतंय!"

आणि खरंच दिसत असतं. कारण काका वेबसाइट कधी उघडतच नाहीत. डेस्कटॉपवर ठेवलेल्या तिच्या प्रतीवर ते डबल क्लिक करतात. वरच्या पट्टीत सोसायटीचा पत्ता नसतो, 'सी' ड्राइव्हचा असतो. पानात फोटोचा पत्ताही तोच घातलेला. म्हणजे जगात कुणीही होमपेज उघडलं तरी त्याला फोटो शोधायला काकांच्या घरीच जायला हवं, आणि काकू दुपारी दार उघडत नाहीत.

कधी फोटो नीट चढतो, पण फाइलच्या नावात जेपीजी कॅपिटलमध्ये आणि पानात स्मॉलमध्ये. विंडोजला हा भेद कळत नाही, लिनक्सच्या सर्व्हरला कळतो. काकांच्या मते लिनक्स आखडू आहे. पुतण्याने आयफोनवर काढलेला फोटो एचईआयसी निघतो आणि क्रोम तो उघडत नाही. मग काका शेपटीचं एचईआयसी खोडून जेपीजी लिहितात आणि क्रोमला कसं फसवलं म्हणून खूश होतात. क्रोम फसत नाही.

"इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये सगळं दिसायचं," हा त्यांचा उसासा. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी त्याला निवृत्त केलं. काकांना ते मंजूर नाही. खरं तर त्याची सहावी आवृत्ती पारदर्शक पीएनजीच्या मागे राखाडी चौकोन दाखवायची. सोसायटीचा लोगो बरीच वर्षं तसा राखाडी पाटावर बसलेला होता. पुढे नव्या ब्राउझरमध्ये पाट गेला, तेव्हा 'लोगो बिघडला' अशी पहिली तक्रार काकांनीच केली.

यंदा गुढीपाडव्याला नव्या अध्यक्षांचा फोटो लागायचा होता. अर्थात तो पोचला नाही. अशा वेळी चित्राच्या जागी, पानात 'आल्ट' म्हणून जे लिहिलेलं असेल ते ब्राउझर दाखवतो. काकांनी तिथे स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलं होतं: 'म्हातारा काढून नवीन लावणे.' दुपारपर्यंत सगळ्या विंगांनी ते वाचलं. माजी अध्यक्ष मोबाइल घेऊन तडक काकांच्या दारात.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मजकूर नीट वाचला आणि मोबाइल समाधानाने परत दिला.

"बघा, आल्ट टॅग चालतोय. वेबसाइटमध्ये काही दोष नाही."