एका सर्व्हे नंबरापुरता आराखडा

ऑर्चर्ड झोनमधली उतारावरची जमीन सेटलमेंट झाली की तिची किंमत एका सहीने कैक पटींनी वाढते. माती तीच, झाडं तीच, उतारही तोच. वाढलेली किंमत मालकाच्या पदरात पडते. खालच्या विहिरींचं आणि शेतांचं जे व्हायचं ते गावाला भोगावं लागतं. गोव्यात भूरूपांतरावरून इतकी वर्षं जो तंटा पेटलेला आहे, त्याचं मूळ या हिशेबात आहे.

२००६ साली सरकारने ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित केला. लोकांनी नकाशे उघडले, आपापलं गाव शोधलं आणि हिरवे पट्टे वस्तीच्या रंगात गेलेले पाहिले. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, लोक रस्त्यावर आले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये पेडणे तालुक्याचा झोनिंग आराखडा आला. पेडणेकरांनी तो वाचला, विरोध केला आणि तोही सरकारला गुंडाळावा लागला.

दोन्ही वेळा लोकांसमोर अख्खा नकाशा होता. तो असला की लोक तो वाचतात आणि चूक अडवतात. माझा सरळ आरोप असा, की म्हणूनच गोव्यात आता अख्खा नकाशा कोणी लोकांसमोर ठेवत नाही. जमिनीचा वापर एकेका अर्जाने, एकेका सर्व्हे नंबराने बदलला जातो.

त्यासाठी कायद्यात वाटा कशा पाडल्या ते पाहा. २०१८ मध्ये नगर नियोजन कायद्यात कलम १६ ब आलं. २०२३ मध्ये कलम १७ (२) आलं, आराखड्यातल्या नजरचुका आणि विसंगती दुरुस्त करण्याच्या नावाखाली. २०२४ मध्ये ३९ अ आलं. कलमाचा क्रमांक बदलला, रीत तीच राहिली: मालकाने अर्ज करायचा आणि त्याच्या तुकड्यापुरता आराखडा बदलून घ्यायचा. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७ (२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि कलमाची व्याप्तीही आवळली. तोवर ३९ अ कायद्यात येऊन बसलेलं होतं.

३९ अ मध्ये लोकांना सूचना द्यायला तीस दिवस मिळतात, असं त्याचे समर्थक सांगतात. राजपत्रातली ती जाहिरात एकदा वाचून बघा. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, चौरस मीटर, आजचा झोन, मागितलेला झोन. जमीन उताराची आहे का, तिच्यातून वहाळ जातो का, शेजारच्या सर्व्हे नंबराचा झोन गेल्या वर्षीच बदलला आहे का, यातलं त्या ओळीत काहीच नसतं. शेतात लावणीला वाकलेल्या माणसाने तीस दिवसांत हे सगळं शोधून काढावं आणि पणजीला लेखी पाठवावं, अशी अपेक्षा धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आपली गावं तुकड्यांनी बनलेलीच नाहीत. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो, डोंगराच्या कुशीत झरीतून बाहेर येतो, कुळागराला लागतो, भातशेतीत उतरतो, खाजनात पोचतो आणि मानशीतून नदीला मिळतो. वर डोंगर कापला की पहिल्या पावसात लाल माती खालच्या शेतात येते आणि उन्हाळ्यात झरी आटते. म्हणून तर कायद्यात १७ अ हे कलम आहे: परवानगीवाचून डोंगर कापायचा नाही, सखल जमीन बुजवायची नाही. पण वरच्या जमिनीचा झोनच बदलून दिला, तर ती परवानगी नाकारायला आधार कुठला उरणार?

एक अर्ज दोन हजार चौरस मीटरचा असतो, म्हणून तो किरकोळ वाटतो. त्याच डोंगराच्या दहा वेगवेगळ्या अर्जांवर दहा वेगवेगळ्या महिन्यांत सह्या झाल्या, तर त्यांची बेरीज कोण करतो? पाणी कुठून आणायचं, सांडपाणी कुठे सोडायचं, पाणंदीएवढ्या रस्त्यावरून किती गाड्या जातील, हे प्रश्न त्या बेरजेचे आहेत. ही बेरीज मांडण्यासाठीच तर नगर नियोजन खातं असतं.

आराखड्यात खऱ्या चुका आहेत, हेही मान्य करायला हवं. वडिलोपार्जित घर उभं असलेली जागा ऑर्चर्डमध्ये दाखवली गेली, असं अनेक गोंयकारांच्या वाट्याला आलं आहे. मुलाचं लग्न झालं, एक खोली वाढवायची आहे आणि झोन आडवा येतो. त्या माणसाला न्याय मिळालाच पाहिजे. त्याचा उपाय साधा आहे. गावागावातल्या अशा जुन्या घरांची एकदाच यादी करा, ती ग्रामसभेत वाचा आणि घराच्या अंगणापुरती दुरुस्ती करून मोकळे व्हा. घरवाल्याचं दुःख पुढे करून डोंगराचा झोन बदलणं थांबवा.

ज्या २०२३ मध्ये १७ (२) आलं, त्याच वर्षी विधानसभेने भातशेतीची जमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही केला. चांगला कायदा आहे, त्याचं मी स्वागत करतो. पण शेताच्या वरचा उतार वस्तीला मोकळा करायचा आणि खालचं शेत कायद्याने राखायचं, हे जमणारं नाही. पाणी वरूनच येतं.

अख्खा नकाशा लोकांपुढे ठेवून आराखडा करता येतो, हे गोव्याने एकदा करून दाखवलेलं आहे. २००७ नंतर कृती दल नेमलं गेलं, चार्ल्स कोरियांसारखे वास्तुरचनाकार त्यात होते. ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ चे मसुदे गावोगावच्या पंचायतींकडे गेले, लोकांनी आपल्या हरकती नोंदवल्या. २०११ मध्ये तो अधिसूचित झाला आणि २०१२ मध्ये सरकार बदलताच बाजूला ठेवला गेला. त्याची मुदतही सरली आहे. नवा आराखडा करायचा तर पुन्हा गावातूनच करावा लागेल आणि तो होईपर्यंत तुकड्यांचे अर्ज बंद ठेवावे लागतील.

तोवर गावांनी हात बांधून बसायचं कारण नाही. पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: २०१८ पासून आपल्या गावातल्या ज्या ज्या सर्व्हे नंबरांचा झोन बदलला, ते सगळे एकाच नकाशावर रंगवून पंचायतीच्या भिंतीवर लावायचे. माहिती राजपत्रात छापलेली आहे. सरपंचांनी आणि सचिवांनी ती गोळा करावी. पंचायत टाळाटाळ करत असेल, तर गावातल्या कॉलेजच्या पोरांना हाताशी धरा, पण नकाशा लावा.